आधी कालची चूक

५ मे, सोमवार

शुक्रवारच्या नोंदीत एक चूक आहे. मी लिहिलं होतं, 'हेमलता मॅडम म्हणाल्या, संकेतस्थळ बंद करणार.' मॅडम आमच्या केंद्राच्या प्रमुख. त्या असं म्हणाल्या नव्हत्या. त्यांचे शब्द होते, "तुझी दुरुस्ती होईपर्यंत थोडे दिवस झाकून ठेवू या." बंद करणं आणि झाकून ठेवणं यात फरक आहे. रागाच्या भरात मी त्यांच्या तोंडी भलता शब्द घातला. तो खोडत नाही. खोडायचं नाही, पुढे दुरुस्त करायचं, असा आमच्या घरचा नियम आहे.

नियम अच्चाच्चनचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. ते विडीच्या कारखान्यात वाचक होते. कामगार विड्या वळत आणि अच्चाच्चन उंच स्टुलावर बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत. त्याबद्दल प्रत्येकजण आपल्यातल्या थोड्या विड्या त्यांच्या नावावर टाकी. वाचताना काही चुकलं असेल, तर दुसऱ्या दिवशी आधी कालची चूक सांगायची, मगच आजचा पेपर उघडायचा. मला अक्षरं त्यांनीच शिकवली, शाळेच्या आधी. त्यामुळे असेल, चूक माझ्या पोटात राहत नाही. ऑफिसातला जोबी याला आजार म्हणतो.

झालं ते सरळ लिहून ठेवते. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला प्लायवुडच्या गोंदाचा कारखाना आहे. तीन वर्षांपूर्वी लोक म्हणू लागले की विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली की पाण्याला दवाखान्यासारखा वास येतो. सगळे पावडरीच्या नावाने बोटं मोडत. दोष पावडरीचा नव्हता. पाण्यात गोंदातलं फिनॉल उतरलं असेल तर पावडर पडल्यावर तो वास उठतो. जलसंशोधन केंद्रात लागल्यावर मी गावातल्या एकसष्ट विहिरी तपासल्या. निकाल केंद्राच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी चढले. प्रत्येक घराच्या जागी एक ठिपका. पाणी पिण्याजोगं तर हिरवा, नाही तर लाल. आग्रह हेमलता मॅडमचाच होता. "लोकांच्या पैशाने झालंय, लोकांना दिसलं पाहिजे," हे त्यांचं वाक्य.

एप्रिलअखेर मला माझी चूक सापडली. बाटल्यांवर मी क्रमांकांऐवजी घरांची नावं लिहिली होती. आमच्याकडे घर नावानेच ओळखतात, क्रमांक पोस्टमनलासुद्धा ठाऊक नसतो. आणि आमच्याच गल्लीत 'पुदियपुरा' नावाची दोन घरं आहेत. एक शेजारच्या नारायणीएच्चीचं; एच्ची म्हणजे ताई. दुसरं कायम बंद, मालक दुबईत. त्या दोन बाटल्यांची अदलाबदल झाली. दूषित निघालेल्या बाटलीच्या जुन्या फोटोत मागे नारायणीएच्चीच्या विहिरीचा लाल दगडी कठडा दिसला, तेव्हा कळलं. लाल ठिपका बंद घरावर पडला होता आणि हिरवा नारायणीएच्चीवर.

त्याच दिवशी मॅडमना लिहून दिलं. दोन ठिपके बदलायला जोबीला पाच मिनिटं पुरतील.

९ मे, शुक्रवार

झाकलं. आता तिथे एकच ओळ दिसते: 'दुरुस्तीसाठी मागे घेतले आहे.'

संकेतस्थळ जोबी सांभाळतो. कोट्टयमचा ख्रिश्चन आहे. कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला.

"झालं मनासारखं?"

"मी दोन ठिपके बदलायला सांगितले होते."

"मला एकसष्ट झाकायला सांगितले."

"थोड्याच दिवसांसाठी."

"आमच्यातही मेलेल्याला थोड्याच वेळासाठी झाकतात," जोबी म्हणाला, "नंतर पुरतात."

त्याला सगळ्यात वाईटच दिसतं. मॅडमनी दुपारी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "आता हात घातलाच आहे, तर आणखी काही शंका असतील त्याही लिहून दे. एकदाच सगळं स्वच्छ करू." मला ते पटलं. एका दुपारी वीज गेल्याने फ्रीज बंद पडला होता, ते लिहिलं. एका बाटलीचं झाकण सैल होतं, तेही लिहिलं. एक दिवस मला ताप होता. यातल्या कशानेच निकाल बदलत नाहीत, हे शेवटी स्पष्ट लिहिलं. मॅडमनी ते शेवटपर्यंत वाचलं की नाही सांगता येत नाही, पण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझ्यासारखी प्रामाणिक मुलगी या केंद्रात दुसरी नाही. खाली सही कर, मोळे." मोळे म्हणजे लेकी. ऑफिसात मला आजवर कोणी असं म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या एका कागदावरही सही केली. फेरतपासणी होईपर्यंत विहिरींच्या मालकांशी निकालांबद्दल बोलायचं नाही, असा तो कागद. हेही रास्त आहे. अर्धवट माहितीने घबराट होते.

१४ मे, बुधवार

प्रयोगशाळेत नवं यंत्र येणार म्हणत होते, ते आज आलं. फार महागाचं आहे. ट्रक गोंदाच्या कारखान्याचा होता. वाहतुकीपुरता भाड्याने घेतला असावा.

१७ मे, शनिवार

नारायणीएच्चीच्या विहिरीवर सकाळी बायकांची रांग होती. लाल ठिपकेवाल्या तीन घरच्या बायका कळशा घेऊन तिच्याकडे येतात. वर्षभर येताहेत. मला हे रोज खिडकीतून दिसत होतं, पण आज पहिल्यांदा दिसलं.

"ये गं, मोठ्या बाई!" एच्ची ओरडली. "तुझ्या ठिपक्याने माझे हात दुखायला लागले बघ. सगळ्या गावाला पाणी पाजतेय."

"पाजतेस कसली, ऐकवतेस," एक बाई म्हणाली. "कळशीमागे एक टोमणा. नळाचं बिल परवडलं यापेक्षा."

"मग जा नळावर. आहे कुठे नळ?"

सगळ्या हसल्या. एच्चीने मला आत नेलं. चुलीशेजारच्या भिंतीवर, दिव्याच्या कोनाड्याजवळ तिने आमच्या नकाशाचा छापील कागद चिकटवलाय. स्वतःच्या हिरव्या ठिपक्याभोवती कुंकवाची बोटं लावली आहेत. खाली केंद्राचा फोन नंबर आणि माझी सही.

तिने पदिमुखमची साल घालून उकळलेलं गुलाबी पाणी पुढे केलं. सगळ्यांकडे तेच देतात. त्या सालीच्या चवीखाली बाकी काहीही लपतं.

मी प्यायले. नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि मी सही केली आहे.

२४ मे, शनिवार

सही मोडली. आठवडाभर त्या पेल्याची चव तोंडातून जात नव्हती. नारायणीएच्चीला एकटीला गाठलं आणि सांगितलं की बाटल्या बदलल्या गेल्या होत्या, तिचं पाणी पिण्याजोगं नाही.

ती आधी हसली. मग तिचा चेहरा उतरला.

"कोणी शिकवलं तुला हे?"

"कोणी नाही. माझीच चूक झाली, एच्ची."

"तेव्हा छातीठोक सांगितलंस, पाणी चांगलं. आता छातीठोक सांगतेस, वाईट. उद्या म्हणशील विहीरच नाही." तिने भिंतीकडे बोट केलं. "ही सही कोणाची?"

"माझी."

"मग दुसरा कागद आण. सहीचा. मलाही तीन घरांना तोंड दाखवायचं आहे. काय सांगू त्यांना, वर्षभर विष पाजलं? कशावरून? पोरगी स्वयंपाकघरात येऊन बोलून गेली, यावरून?"

कागद माझ्याकडे नाही. कागद झाकलेला आहे.

२६ मे, सोमवार

एच्चीने शनिवारीच भिंतीवरच्या नंबरावर फोन केला होता. चहाडी करायला नाही. खरं कोणाचं, हे विचारायला. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मीही तेच केलं असतं.

मॅडमचा आवाज चढला नाही. मालकांशी बोलल्याबद्दलचा मेमो पुढे सरकवताना त्यांना स्वतःलाच वाईट वाटत होतं, असं मला वाटलं.

"ती बाई विचारत होती, आता काय धरायचं. मी काय सांगणार? म्हटलं, तपासणी चालू आहे, तोवर जुनंच धरा."

"मॅडम, जुनं म्हणजे हिरवं."

"शास्त्रात घाई चालत नाही, शिबिना."

"मग निदान बाकीचे ठिपके तरी—"

"आपण काही लपवलेलं नाही. शोधनिबंध छापून आलाय ना? ज्याला वाचायचा त्याने घ्यावा आणि वाचावा."

शोधनिबंध परदेशी नियतकालिकात आहे. वाचायचा तर तीन हजारांच्या वर रुपये भरावे लागतात. एच्चीने विहीर गहाण टाकून तो घेतलाच, तरी त्यात घरांची नावं नाहीत.

माझी नेमणूक तीस जूनला संपते. पुढच्या वर्षाचं पत्र मॅडमच्या सहीने निघतं, आणि पीएच.डी.ची नोंदणीही त्यांच्याच हाताखाली आहे. मॅडमनी यातलं काहीच बोलून दाखवलं नाही. मला आपोआप आठवलं.

२ जून, सोमवार

अच्चाच्चनना आता दिसत नाही. सकाळी काळा चहा झाला की पेपर मी वाचते आणि ते ऐकतात. त्यांच्या काळचा नियम अजून पाळतात. वाचणाऱ्याने मध्येच गाळायचं नाही, ऐकणाऱ्याने मध्येच बोलायचं नाही.

आज तिसरं पान उलटलं आणि मी वाचता वाचता थांबले.

"काय झालं? पुढचं वाच."

वाचलं. 'विहिरींच्या पाण्याचा अहवाल सदोष. संशोधक तरुणीची लेखी कबुली.' खाली माझं नाव, घराच्या नावासकट. मग फ्रीज, सैल झाकण, ताप. 'निष्काळजीपणामुळे कारखान्याची नाहक बदनामी झाल्याचे सूत्रांनी सांगितले.' माझं शेवटचं वाक्य कुठेच नव्हतं. कारखान्याने स्वतःच बातमी लिहिली असती, तरी इतकी सुबक झाली नसती.

शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. अच्चाच्चन म्हणाले, "तुला ताप आला होता? मला कोणी बोललं नाही."

अम्मा आतून रडत आली. मी ऑफिसची बस पकडली. बसमध्ये पुढच्या बाकावरचा माणूस तेच पान वाचत होता.

७ जून, शनिवार

नारायणीएच्चीच्या विहिरीवर आज रांग नाही. लाल ठिपकेवाल्या तिन्ही घरांनी पुन्हा आपापल्या विहिरीचं पाणी काढायला सुरुवात केली. 'सगळंच खोटं निघालं, मग कशाला कोणाच्या दारात जा,' असं त्या बायका म्हणाल्या म्हणे. म्हणजे मी दुरुस्तीला गेले तेव्हा एका विहिरीबद्दल लोकांचा गैरसमज होता. आता एकसष्टांबद्दल आहे.

एच्ची मात्र मजेत होती. कुंपणावरून म्हणाली, "बरं झालं गं, माझ्या हातांना सुट्टी मिळाली. पण एक सांग, सगळंच खोटं असेल, तर माझं हिरवंही खोटंच ना?"

"हो एच्ची. तेच सांगत होते."

"कागद आणलास?"

"नाही."

"मग राहू दे," ती म्हणाली आणि बादली सोडली. कागद अजून भिंतीवर आहे. नवं कुंकू लावलंय.

८ जून, रविवार

पेपर वाचून झाल्यावर अच्चाच्चनने आपण होऊन विचारलं, "ती चूक तू कोणाला सांगितलीस?"

"मॅडमना."

"त्या पितात का ते पाणी?"

ते पाय चोळत बसले. मग भलतंच काढलं.

"आमच्या मालकाने एकदा मला वर बोलावलं. म्हणाला, कण्णा, वाचण्यात काही चुकलं तर आधी मला सांगत जा. खाली कामगारांसमोर कशाला फजिती करून घेतोस? मी बघत जाईन काय करायचं ते. खुर्ची दिली. चहा दिला."

"मग तुम्ही काय केलं?"

"चहा प्यालो. चांगला होता, दुधाचा." त्यांनी उशी सारखी केली. "चूक खालीच सांगितली. ज्यांनी ऐकली होती ते खाली बसले होते."

आणि झोपले. एवढी वर्षं मला वाटत होतं की नियम चूक सांगण्याचा आहे. कोणाला सांगायची, तो अर्धा भाग मी शिकलेच नव्हते. प्रामाणिक मुलगी म्हणून खांद्यावर हात पडला आणि मी खुर्चीत बसून चहा पीत राहिले.

हेमलता मॅडमवर अन्याय होतोय का? मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. 'लोकांना दिसलं पाहिजे' हे वाक्य त्यांचंच होतं आणि तेव्हा ते खरं होतं, असं मला अजून वाटतं. पण यंत्र गोंदाच्या ट्रकमधून आलं, हेही मी स्वतःच लिहून ठेवलंय. भाड्याने घेतला असावा, असंही मीच लिहिलंय. तेही दुरुस्त करते: भाड्याने नव्हता. पेटीवर देणगीदाराची पट्टी आहे. मी ती त्याच दिवशी वाचली होती.

११ जून, बुधवार

गावच्या वाचनालयात गेले. सेक्रेटरी पवित्रन माश, म्हणजे मास्तर, मला सातवीत शिकवायला होते. एकोणीस जूनला वाचनदिन, त्याची तयारी चालली होती. कोपऱ्यात पुस्तकांचं कोरं कपाट उभं होतं, काचेवर कारखान्याचं नाव.

"माशे, वाचनदिनाला मीही वाचेन."

"वाच की! काय वाचणार? गोष्ट? कविता?"

"घरांची नावं."

माशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माझ्याकडे बघितलं, मग कपाटाकडे.

"शिबिने, त्या पेपरात आलं त्यानंतर तू... नाही म्हणजे, मुलं असतील. कारखान्याचे मॅनेजर पाहुणे आहेत."

"बरं झालं. त्यांनाही ऐकू येईल."

"तुझी नोकरी?"

"तीस तारखेपर्यंत आहे."

"माझं कपाट?"

शेवटी माशांनी कार्यक्रमपत्रिकेवर लिहिलं: 'शिबिना—वाचन.' आणि म्हणाले, "काय वाचणार ते मी विचारलंच नव्हतं. कळलं? तू आलीस, वाचते म्हणालीस, मी लिहिलं."

भित्रे आहेत. पण नाव खोडलं नाही.

१६ जून, सोमवार

मॅडमनी आज स्वतः पत्र दाखवलं. तीन वर्षांची नेमणूक, एक नाही. सही बाकी आहे. म्हणाल्या, "तीस तारखेला यंत्राचं उद्घाटन आहे. पहिला नमुना तुझ्याच गावातून घेऊ. तुझ्याच हाताने. सगळं नव्याने, निर्दोष."

बसमध्ये पूर्ण रस्ता मी स्वतःला समजावत होते. तीस जून म्हणजे फक्त दोन आठवडे. नवं यंत्र, नवे निकाल, कोणी बोट ठेवणार नाही. एवढी वर्षं लोक पाणी पीतच होते. घरी आल्यावर हे वाक्य पुन्हा मनात म्हणून पाहिलं आणि माझी मलाच शिसारी आली. निकाल कोणाच्या यंत्रावर, आणि झाकणाची किल्ली कोणाकडे?

अम्माला पत्राचं आणि वाचनदिनाचं सांगितलं. तिने कढीत मीठ जास्त घातलं. जेवताना एवढंच म्हणाली, "पत्र हातात आल्यावर वाचता आली नसती का ती नावं?"

पत्र हातात आल्यावर मी ती वाचली नसती. तिला हे सांगितलं नाही. इथे लिहिते.

१८ जून, बुधवार

निघताना जोबीने टेबलावर गुंडाळी ठेवली. आमचा नकाशा, मोठ्या कागदावर, एकसष्टच्या एकसष्ट ठिपके, दोन्ही पुदियपुरा दुरुस्त करून.

"प्रिंटरने चुकून एक प्रत जादा काढली," तो म्हणाला. "यंत्र आहे, चुकतं. त्याची कोणी लेखी कबुली घेत नाही."

"तुझं नाव येईल यात."

"माझं नाव त्यांना नीट लिहितासुद्धा येत नाही. जा, बस सुटेल."

अच्चाच्चनना सांगितलं. त्यांनी विचारलं, कुठे बसणार. खुर्चीत म्हटलं. "खुर्चीत नको," म्हणाले, "मागच्यांना दिसत नाही. स्टूल माग." मग यायचं म्हणाले. त्यांना हाताला धरून नेणार आहे.

मी आज नारायणीएच्चीकडे जाऊन तिला उद्या यायला सांगितलं. तिने विचारलं, "कागद मिळाला वाटतं?" मी म्हटलं, मिळाला. सही माझीच आहे, केंद्राची नाही. येते की नाही ठाऊक नाही. तिच्यासाठी मी आमच्या पाण्याची कळशी भरून ओट्यावर ठेवून आले. आमचा ठिपका हिरवा आहे, हे मी दोनदा तपासलं आहे, पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, हे आता तिनेच ठरवायचं.

उद्याच्या वाचनाची पहिली वाक्यं लिहून काढली. भीतीने शब्द गळू नयेत, म्हणून इथे पक्की करते:

'आधी कालची चूक. नारायणीएच्चीच्या पुदियपुराचं पाणी चांगलं, असं मी सांगितलं होतं. ते चांगलं नाही. चूक माझी आहे. आता बाकीची घरं वाचते, नावाने. कोणतंही गाळणार नाही.'

वाचनालयात, दुपारी चार वाजता. गुरुवार, १९ जून.